न टोचणारी कवळी

१

नवी कवळी माणसाला पहिले पंधरा दिवस रडवते, हे लालबागच्या त्या चाळीत सगळ्यांना पाठ होतं, कारण चाळीत कवळ्या पुष्कळ होत्या. गिरणीच्या विणखात्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे पुढचे दात क्वचितच शाबूत राहत. पहिल्या मजल्यावरच्या बाबुरावाची कवळी तर दोन वर्षं रुमालात गुंडाळलेली कोटाच्या खिशातच असे. लग्नाकार्यात तो ती फोटोपुरती तोंडात घाली आणि पंगत बसली की पुन्हा खिशात ठेवून देई.

त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचा विश्राम पालव गिरगावात जाऊन दात बसवून आला, तेव्हा त्याचे हाल बघायला दोन-चार जण आपण होऊन आले. डॉ. हेरंब पटवर्धनांनी त्याला सगळं नीट समजावून पाठवलं होतं. आधी मऊ भात खायचा, घास लहान घ्यायचा, दोन्ही बाजूंनी चावायचं. झोपताना काढून पाण्यात ठेवायची. आणि रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायचं, म्हणजे जीभ रुळते. "टोचणार," डॉक्टर म्हणाले होते, "टोचलीच पाहिजे. टोचली की या, घासून देतो."

कवळी टोचली नाही. पहिल्या दिवशी विश्रामने पेज घेतली, दुसऱ्या दिवशी भात खाल्ला, आणि तिसऱ्या दिवशी तव्यावर भाजलेला सुका बांगडा आणि कालची कडक भाकरी. बाबुराव दारात उभा राहून बघत होता. विश्रामला भाकरी मोडून खाताना बघून त्याला जरा रागच आला.

"सोंग करतोस तू," तो म्हणाला. "टोचत असणार."

"नाय रे. काय घातलंय असं वाटतसुद्धा नाय."

विश्रामच्या बायकोला, राधाबाईला, बरंच वाटलं. दोन महिने बोळक्या नवऱ्यासाठी भात वेगळा गाळून ती कंटाळली होती. पण संध्याकाळी दिवा लावताना तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो एक दात वाकडो कशाक दिल्यान?"

विश्रामने आरसा घेतला. वरच्या रांगेत डावीकडचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. खरे वाटावेत म्हणून डॉक्टर एखादा दात असा वाकडा लावत असतील, त्याने मनाशी म्हटलं. त्याच्या स्वतःच्या तोंडात असा दात कधी नव्हता. तरी तो ओळखीचा वाटला, आणि कुठे पाहिलाय ते आठवायचा प्रयत्न त्याने मुद्दामच केला नाही.

२

वाचनाचा नेम मात्र त्याने मनापासून धरला. दुपारी तीनच्या सुमारास तो गॅलरीत स्टूल टाकून बसे आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून मोठ्यानं वाची. सत्तावन्न सालच्या निवडणुका महिन्यावर आल्या होत्या. चाळीच्या भिंती समितीच्या घोषणांनी रंगल्या होत्या आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हे शब्द ऐकायला कोणालाही बोलवावं लागत नव्हतं. निवृत्त झालेले चार-पाच जण भिंतीला पाठ टेकून बसत. बाबुराव तर चाळीतला समितीचा माणूस, तो ऐकता ऐकता मान डोलवी.

"शब्द कसे स्वच्छ येतात रे तुझे," तो एकदा म्हणाला. "पण आवाज बारीक झालाय."

"दातांमुळं."

दातांमुळे आवाज बदलतो, हे खरंच आहे. विश्रामने ते स्वतःला दोनदा सांगितलं. तसंच त्याने हेही सांगितलं की नव्या दातांनी माणूस डाव्या बाजूनं चावू लागला तर त्यात नवल नाही. तो जन्मभर उजव्या बाजूनं चावत आला होता. आता घास तोंडात गेला की आपसूक डावीकडे सरके आणि तो उजवीकडे ओढू पाही, तेव्हा जीभ ऐकत नसे.

मग एके दिवशी वाचता वाचता त्याचे ओठ पुढे आले आणि त्याने जोरात हवा आत ओढली.

ऐकणारे हसले, कारण ती खोड त्यांच्या सगळ्यांचीच होती. मागावरचा धोटा रिकामा झाला की त्यात सुताची नवी कांडी बसवायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि धागा ओढून बाहेर काढायचा. पाळीत दोन-तीनशे वेळा. तेल, कापसाचे तंतू आणि दुसऱ्याची थुंकी, सगळं त्या ओढण्याबरोबर तोंडात यायचं. त्यानेच तर दात गेले होते. गिरणी सुटली तरी ओठ विसरत नाहीत.

पण हवा ओढून झाल्यावर विश्रामची जीभ दातांच्या मागे लागली आणि टक् असा बारीक आवाज झाला. ही खोड त्याची नव्हती. खात्यात फक्त एका माणसाची होती. विश्रामने घाईघाईनं पान उलटलं आणि बाजारभाव वाचायला घेतले, जे ऐकायला कोणीच थांबलं नाही.

३

लवू कदम विश्रामच्याच गावचा. गाव एक, पण विश्रामचं घर वरच्या वाडीत आणि लवूचं ओढ्यापलीकडे महारवाड्यात. मुंबईत दोघे एकाच गिरणीत होते, विश्राम विणखात्यात आणि लवू सूत काढायच्या रिंगखात्यात. लवूच्या लोकांना विणखात्यात घेत नसत. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. एका पाळीचा धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस ओढतो, मग त्यांनी तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड कसं लावायचं, एवढंच लोक म्हणत.

चौतीस सालचा संप लांबला तेव्हा विश्रामच्या घरी चूल पेटेना. लवूची बायको शेवंती तेव्हा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कामाला जात असे. येताना ती फडक्यात भाकऱ्या बांधून आणी आणि जिन्याखाली राधाबाईच्या हातात देई. विश्रामने त्या भाकऱ्या खाल्ल्या. चाळीत कोणाला कळलं नाही.

ते उपकार त्याच्या मनात राहिले, आणि संप मिटल्यावर विणखात्यात माणसं कमी पडली तेव्हा त्याने लवूला बदली कामगार म्हणून आत नेलं. "कदम म्हणून सांग. पुढचं कोण विचारत नाय," तो म्हणाला, आणि खरंच कोणी विचारलं नाही, कारण कदम मराठ्यांतही असतात. आठ महिने लवूने विश्रामच्या शेजारचे माग चालवले. काम त्याने पाण्यासारखं उचललं. धोट्याला तोंड लावी, धागा ओढी, टक् असा जिभेचा आवाज करी आणि विश्रामकडे बघून हसे. हसताना त्याचा डावीकडचा वाकडा दात दिसे. त्याने ओढलेला धोटा विश्रामने कितीदा तरी ओढला. त्याला तेलाचीच चव होती.

मग गावाहून कोणीतरी आलं आणि कोणाजवळ तरी बोललं. दुपारच्या सुट्टीत वीसेक माणसं त्या दोघांभोवती येऊन उभी राहिली. लवूकडे कोणी बघत नव्हतं. सगळे विश्रामकडे बघत होते.

"पालवा, तुला ठाऊक होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढचं विश्रामने साहेबापुढे जबाबात सांगितलं होतं. माग चालू असताना धोटा उडाला आणि लवूच्या तोंडावर बसला. धोटे उडतात, त्यांनी डोळे गेलेली माणसं खात्यात होती, आणि टोकाला लोखंड बसवलेला तो लाकडी धोटा लागला तर दात राहत नाहीत. साहेबाने लवूलाही विचारलं. लवूने तोंडावरचं रक्ताळलेलं फडकं बाजूला केलं आणि तो बराच वेळ बोलला. त्यातलं एक अक्षर कोणाला लागलं नाही. कारकुनाने लिहिलं, धोटा उडाला.

जबडा वाकडाच सांधला. त्यानंतर लवू नायगावच्या चाळीत अकरा वर्षं जगला आणि गेला. विश्राम त्याला भेटला नाही. बावीस वर्षं त्याने ते वाक्य तोंडात सांभाळलं होतं, आणि आता भीती वाटत होती ती त्या तोंडाचीच.

४

तो ट्रामने गिरगावला गेला.

"टोचते?" डॉक्टरांनी विचारलं.

"टोचत नाय, हीच तक्रार आहे."

डॉक्टर मोठ्यानं हसले. वीस वर्षांच्या धंद्यात अशी तक्रार पहिलीच, म्हणाले. त्यांनी विश्रामचं तोंड उघडून बॅटरीने पाहिलं, कवळी बोटाने हलवून पाहिली. ती हलली नाही. हिरडीवर कुठे लाली नव्हती. स्वतःच्या कामावर खूश झालेल्या माणसासारखे ते मान हलवत होते.

"डॉक्टर, हा वाकडा दात तुम्ही मुद्दाम लावलात?"

"कुठला वाकडा?"

विश्रामने कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. डॉक्टर ती घेऊन खिडकीशी गेले आणि उजेडात उलटसुलट करून पाहू लागले. मग त्यांनी कपाटातून प्लास्टरचा एक ठसा काढला. त्याच्या बुडावर पेन्सिलीने पालव लिहिलेलं होतं. विश्रामच्या हिरड्यांचा ठसा तो, समोर बसवून घेतलेला. डॉक्टरांनी त्यावर वरची कवळी टेकवली. ती बसेना. एका बाजूला दाबली की दुसरी बाजू उचलली जाई. त्यांनी ती फिरवली, पुसली, पुन्हा टेकवली. टेबलावर ती डुगडुगत राहिली.

"या ठशावरची ही नाहीच," ते हळूच म्हणाले. मग विश्राम समोर आहे हे आठवून त्यांनी आवाज सावरला. "प्लास्टर दमट हवेत आकार बदलतं कधी कधी. वाकडा दातही... बघतो मी. तुम्ही ही इथेच ठेवा. दुसरी करून देतो. तीन आठवडे लागतील."

विश्रामला इतकं हलकं वाटलं की त्याने त्यांना वाकून नमस्कार केला. तो बोळका ट्राममध्ये चढला आणि कंडक्टरने विचारलं तेव्हा लालबाग म्हणाला. कंडक्टरला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. दात काढल्यावर दोन महिने तो असाच बोलला होता, आणि सगळ्यांना कळत होतं. या वेळी त्याच्या तोंडातून जे बाहेर पडत होतं ते त्यालाही शब्दासारखं वाटेना. घशातून येणारा, जबड्यात वाकडा होऊन अडणारा आवाज. बाकावरच्या बाईने लेकराला जवळ ओढलं.

"काका, जरा नीट बोला की," कंडक्टर म्हणाला.

तो आवाज विश्रामने फक्त एकदा ऐकला होता, साहेबाच्या टेबलासमोर. पुढच्या थांब्यावर तो उतरला, चालत मागे गेला आणि कवळी परत मागून घेतली. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. ती त्यांच्या टेबलावरून जात आहे याचं त्यांनाही बरंच वाटलेलं दिसलं. विश्रामने तिथेच ती तोंडात घातली, आणि ती हळुवार आपल्या जागी गेली.

५

गुरुवारी त्याने गॅलरीत वाचायला सुरुवात केली. बातमी नायगावातल्या सभेची होती. गर्दी किती होती, कोण कोण बोललं, असं सगळं. तो बोटाखाली ओळ धरून वाचत होता.

"सभेस हजारो स्त्री-पुरुष उपस्थित होते," तो वाचत होता, "आणि सभा शांततेत पार पडली. धोटा उडाला नव्हता. नंतर मिरवणूक निघून..."

बाबुरावाने डोळे उघडले. "काय म्हणालास?"

"मिरवणूक निघून."

"त्याच्या आधी. धोट्याचं काहीतरी."

"तू झोपला होतास," विश्राम म्हणाला, आणि बाकीचे हसले, कारण बाबुराव ऐकता ऐकता डुलकी काढत असे. पण विश्रामने बोट त्या ओळीवरून पुन्हा मागे नेलं; तिथे धोटा नव्हता. ते वाक्य त्याने म्हटलं नव्हतं. ते त्याच्या तोंडातून गेलं होतं, त्याच बारीक, स्वच्छ आवाजात, आणि जाताना जीभ दातांवर आपटल्याचं त्याला जाणवलं होतं.

त्या दिवसापासून त्याने वाचन बंद केलं. घरातही तो मोजकं बोलू लागला. राधाबाई म्हणाली, तुमी दुपारचे झोपेत बोलतास. काय बोलतंय मी, त्याने विचारलं. ती तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता सुपातले खडे बाजूला टाकत राहिली.

त्यानंतर तो दुपारी आडवा होताना कवळी काढून पितळी वाटीत ठेवू लागला. शनिवारी उठून त्याने वाटीत हात घातला, तर बोटाला काहीतरी लागलं. वाकड्या दाताभोवती सुताचा धागा गुंडाळलेला होता. एक टोक पाण्यात तरंगत होतं. धोतराचा सुटलेला धागा असेल, पंचाचा असेल, तो स्वतःला सांगत होता, आणि त्याच वेळी त्याचा अंगठा आणि पहिलं बोट सवयीने धागा चोळून बघत होते. वीस नंबरचं सूत. त्यांच्या खात्यात हेच चालायचं. त्याने धागा ओढला, आणि तो बराच लांब निघाला.

६

"रविवारी चार वाजता आपल्या चौकात सभा," बाबुराव सांगत आला. "नायगावच्या बायका येणार आहेत समितीच्या. आणि निवेदन तू वाचायचंस."

"मी नाय."

"तुझ्यासारखं स्वच्छ कोण वाचतो चाळीत? माझी कवळी तर खिशात. मी नाव देऊन बसलोय तुझं." मग तो खाली जाता जाता म्हणाला, "त्यांच्यातली एक बाई फार छान बोलते म्हणतात. शेवंतीबाई कदम. मूळची तुमच्याकडचीच, मालवणाकडची."

विश्राम भिंतीला टेकला. आपल्या घरच्या रंगलेल्या भिंतीकडे, पाण्याच्या पिंपाकडे, दोरीवरच्या सदऱ्याकडे त्याने पाहिलं. ही चाळ त्याला मानत होती. भांडण झालं की दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे येत. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने एवढंच मिळवलं होतं, आणि ते सगळं एका वाक्यावर उभं होतं.

"माका बरा नाय म्हणान सांग बाबुरावाक," तो राधाबाईला म्हणाला.

"तिच्या भाकरीन आमी जगलो," राधाबाई म्हणाली. "ती येतली आणि तुमी घरात बसतलास?"

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "लवूक लागला त्या दिवशी तुमी रगात लागलेलो सदरो माका धुवक दिलास नाय. नळार जावन तुमीच धुतलास."

एवढं बोलून ती उठली आणि चुलीपाशी गेली. बावीस वर्षांत तिने हा विषय पहिल्यांदाच काढला होता, आणि पुढे तो वाढवला नाही.

७

चौकात दोन बाकडी जोडून व्यासपीठ केलं होतं. वर गॅलऱ्यांतून माणसं वाकली होती. उन्हं कलली होती आणि गिरणीच्या चिमणीची सावली चौकाच्या अर्ध्यापर्यंत आली होती. विश्रामने मनाशी ठरवून टाकलं होतं, की कागदावर असेल तेवढंच वाचायचं, बोट ओळीवरून हलू द्यायचं नाही आणि संपलं की वर निघून जायचं.

नायगावच्या बायका आल्या. दोन-तीन महिन्यांपूर्वी त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी धम्मदीक्षा घेतली होती, त्या पांढऱ्या लुगड्यांत होत्या. शेवंतीबाईला त्याने लगेच ओळखलं. केस पिकले होते, पण चाल तीच होती, वखारीतून भाकऱ्या घेऊन येणाऱ्या बाईची, जराशी पुढे झुकलेली.

"जय भीम," ती म्हणाली. "वळाखलास, पालवानु?"

त्याने मान हलवली. तोंड उघडलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, पण राग नव्हता. ती पहिल्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसली. राधाबाई येऊन तिच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण राधाबाईने आपला गुडघा सरकवून तिला जागा करून दिली.

बाबुरावाने कागद हातात दिला. विश्राम वाचू लागला. पहिलं वाक्य बरोबर गेलं. दुसरं गेलं. आवाज चौकात खणखणीत फिरत होता, गॅलरीतली माणसं गप्प झाली होती, आणि त्याला वाटलं, निभतंय. तिसऱ्या वाक्याच्या मध्यावर त्याचे ओठ पुढे आले. त्याने ते आवळायचा प्रयत्न केला. तोंडाने हवा आत ओढली, लांब, जुन्या सवयीने, आणि मग जीभ दातांवर लागली.

टक्.

शेवंतीबाईने झटकन मान वर केली.

विश्रामने ते पाहिलं. पुढचं वाक्य दातांपाशी येऊन थांबलेलं त्याला कळत होतं, आणि ते कागदावरचं नव्हतं. त्याने हात तोंडाकडे नेला आणि चारशे माणसांदेखत कवळी काढून मुठीत आवळली. गॅलरीतून कोणीतरी हसलं. बाबुराव पुढे झाला. "काय रे, टोचतेय काय?"

विश्रामला हो म्हणायचं होतं. टोचतायत, माफ करा, दुसरा कोणी वाचेल, एवढंच. त्याने तोंड उघडलं आणि तो वाकडा, अडणारा, ओला आवाज बाहेर पडला. तो हो नव्हता. त्याने तोंड मिटायला पाहिलं, पण जबडा एका बाजूला सरकला आणि चालतच राहिला. आवाज वाढत गेला. त्यात चढउतार होते, थांबे होते, कुठेतरी प्रश्न होता. कोणीतरी काहीतरी सांगत होतं, पहिल्यापासून, क्रमाने, आणि विश्रामला स्वतःला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्याला त्या क्षणी नुसती भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी उघडी.

"वारं गेलं त्यांच्या अंगावरनं," कोणी म्हणालं. "पाणी आणा."

बाबुराव घाबरून त्याचा दंड धरून उभा होता. हसणं केव्हाच थांबलं होतं.

८

शेवंतीबाई उठली. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि सारखा केला, घरात नवरा आल्यावर बाई करते तसा. मग ती व्यासपीठापाशी आली आणि मान थोडी कलती करून ऐकू लागली. मधेच तिने होय म्हटलं. मधेच म्हणाली, "ता माका सांगलास तुमी." विश्रामचं तोंड थांबलं, तिचं ऐकलं, आणि पुन्हा बोलू लागलं.

"तुम्हाला कळतंय ते?" बाबुरावाने विचारलं.

"कळता," ती म्हणाली. "अकरा वर्सां ह्या बोलणा माझ्याशिवाय कोणाक कळला नाय. अक्षर न् अक्षर कळता."

राधाबाई सतरंजीवर बसली होती, दोन्ही हातांत तोंड धरून. विश्रामला समजलं, की या बाईला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. कोणी विचारलं, कोणी हातात धोटा घेतला, आपण किती पावलं पुढे गेलो आणि किती वेळा हात उचलला. ती हे घेऊन बावीस वर्षं राहिली होती, कारण तिने सांगितलं असतं तरी कारकुनाने जे लिहिलं तेच खरं ठरलं असतं.

त्याला तिच्या पाया पडायचं होतं. त्याला सांगायचं होतं, की मी सांगतो, मीच सांगतो, माझ्या तोंडाने. पण त्याच्या ताब्यात आता त्याची मूठ तेवढी उरली होती, आणि ती मूठही शेवंतीबाईने हळूच हातात घेतली. एक एक बोट तिने उघडलं. वाकड्या दातावर तिची नजर क्षणभर थांबली, आणि तिचा चेहरा असा काही हलला की बाबुरावाने मान दुसरीकडे फिरवली.

तिने कवळी पदराने स्वच्छ पुसली.

"येवढी वर्सां माका एकटीक सांगलास," ती त्या तोंडाला म्हणाली. विश्रामच्या डोळ्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "आता घाला, आणि सगळ्यांका सांगा. मी हय असंय."

विश्रामने हात उचलला नव्हता. तरी त्याचा हात वर आला आणि त्याने तिच्या तळव्यावरून कवळी घेतली. गॅलरीतून माणसं वाकून बघत होती, त्यांतले काही जण बावीस वर्षांपूर्वी त्या घोळक्यात उभे होते, आणि त्यांचे चेहरे आता पांढरे पडत चालले होते. तोंड आपणहून उघडलं. दात आत गेले आणि जागच्या जागी बसले, टाळूला, हिरडीला धरून, अगदी बरोबर. जराही टोचले नाहीत.